पाऊण इंच

माणूस दुकानाच्या दारातून टेबलापर्यंत येतो तेवढ्यात मला त्याचं अर्धं माप कळलेलं असतं. ही बढाई नाही, पस्तीस वर्षांची सवय आहे. कोणाचा डावा खांदा उतरलाय, कोणाची मान पुढे आलीय, कोण मापाला उभा राहताना पोट आत ओढून धरतो आणि पॅंट शिवून झाली की निवांत सोडून देतो, सगळं दिसतं. टेप मी गळ्यात अडकवतो तो निम्मा गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

दिसलं तरी बोलायचं मात्र नाही. आमच्या दुकानाचा हा नियम वडिलांपासूनचा आहे. गिऱ्हाइकाचं व्यंग कापडाला सांगायचं, गिऱ्हाइकाला नाही. खांदा उतरलाय ना, मग अस्तराखाली तेवढी कापसाची पट्टी घालायची. एक हात लांब आहे, तर तिकडची बाही अर्धा इंच सोडायची. आरशासमोर उभं राहिल्यावर माणसाला वाटलं पाहिजे की आपण काय सरळसोट आहोत. त्यासाठीच तो आमच्याकडे येतो, नाहीतर तयार कपडे कोपऱ्यावरही मिळतात.

लग्न होऊन बायको दुकानात हातशिलाईला बसायला लागली तेव्हा तिला हा नियम माहीत नव्हता. पहिल्याच महिन्यात एका मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाची ट्रायल चालू होती. ही पटकन बोलून गेली, "बाई, तुमची कंबर एका बाजूला तिरकी वाटते, कोणाला तरी दाखवून घ्या." बाईंनी कोट काढून टेबलावर टाकला आणि गेल्या त्या गेल्याच. मी बायकोला चार गिऱ्हाइकांसमोर असं झापलं, की आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते. "आपण शिंपी आहोत, डॉक्टर नाही," मी म्हणालो. "दिसलं ते गिळायचं आणि टाका घालायचा."

त्यानंतर ती गिऱ्हाइकाला काही म्हणून बोलली नाही. कापड कापायचं काम माझं. काजं, बटणं, तुरपई आणि पॅंटची खालची दुमड तिची, अशी वाटणी झाली ती आजतागायत. माझ्या स्वतःच्या पॅंटीही मी कापतो आणि दुमड ती घालते. धुतल्यावर घड्याही तीच घालते. मी फक्त पाय घालतो.

आता कंबर. सहा वर्षांपूर्वी दुखायला लागली. कमरेच्या खाली, मणक्याला लागून, चार बोटं डावीकडे. सकाळी दुकान उघडताना काही नसायचं. अकराच्या सुमाराला कोणीतरी आतून चिमटा काढल्यासारखं व्हायचं आणि दुपारी तीन वाजेपर्यंत तो चिमटा पक्कड व्हायचा. आडवा झालो की कमी. उभा राहिलो की पुन्हा सुरू. आणि माझा सगळा धंदा उभ्याने. कापड बसून कापता येत नाही, बसून कापलेलं कापड बसकंच दिसतं.

पहिल्यांदा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "वय झालं." मी तेव्हा एकोणपन्नासचा. ते स्वतः सदुसष्टचे, आणि मला सोडायला दारापर्यंत ताडताड चालत आले. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं, पोटासाठी दुसऱ्या गोळ्या दिल्या. कंबर बिचारी जिथल्या तिथे राहिली.

मग हाडांचे डॉक्टर. त्यांच्याकडे वेटिंग रूममध्ये लोखंडी खुर्च्या होत्या. दीड तास त्यात बसल्यावर ज्याची कंबर दुखत नसेल त्याचीही दुखायला लागावी, म्हणजे धंदा आटायला नको. तिथे एक फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना होता, 'पूर्वीचे आजार.' मी बायकोला म्हटलं, लिही, 'नाही.' ती पेन तसंच धरून म्हणाली, "तुमचा तो पाय?" त्याच्या आदल्या वर्षी वरच्या फळीवरचा तागा काढताना मी स्टुलावरून पडलो होतो. डाव्या पायाची नडगी मोडली होती, अडीच महिने प्लास्टर होतं. "तो काय आजार आहे का?" मी म्हटलं. "मोडला, जोडला, संपलं. हे कमरेबद्दल विचारतायत." तिने 'नाही' लिहिलं. विचारलं तेवढंच सांगावं असा माझा स्वभाव आहे, आणि त्याचा मला अभिमान होता.

हाडांच्या डॉक्टरांनी मला एका नळीत घालून फोटो काढायला लावले. आत अर्धा तास नुसता हातोडा चालू होता. रिपोर्ट आला, की खालच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी सरकली आहे. ते म्हणाले, "या वयात सगळ्यांचीच सरकते, फारसं काही नाही." म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोच फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "बरंच काही आहे." फोटो तोच, कंबर तीच. मी जर एका कोटाची दोन मापं सांगितली असती तर लोकांनी माझ्या दुकानावर दगड मारले असते.

नंतर व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीकडे गेलो. ती मला चटईवर आडवं करून म्हणायची, "काका, पाठ मांजरासारखी करा." मी सहा महिने रोज सकाळी मांजर होत होतो. मग कमरेचा पट्टा झाला. त्याची शिलाई इतकी गचाळ होती की मी तो उसवून पुन्हा शिवला, आणि शिवताना वाकून बसल्यामुळे दोन दिवस झोपून राहिलो. मालिशवाला झाला. त्याने सांगितलं, तुमच्या नसा चढल्यात. गादीवाल्याने कडक गादी दिली, एका वर्षाने त्याच गादीवाल्याने मऊ गादी दिली. त्या मऊ गादीवर बायकोला फार छान झोप लागते, तेवढाच फायदा. एका डॉक्टरांनी मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी अतिशय हळू आवाजात विचारलं, "घरी कसला ताण आहे का?" मी म्हटलं, "आहे. कंबर दुखते."

यात गिऱ्हाइकांचे सल्ले धरलेले नाहीत. मी टेबलावर कापड पसरलं की गिऱ्हाईक सल्ला पसरतं. कोणाच्या काकांना अमुक तेलाने गुण आला, कोणाच्या सासूने गव्हाचं काहीही खाणं सोडलं आणि ती आता जिने चढते. हे सगळं मी टाचण्या तोंडात धरून ऐकायचो. तोंडात टाचण्या असल्या की उलट बोलता येत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय आहे.

फक्त कोपऱ्यावरच्या मोच्याने सल्ला दिला नाही. तो एकदा बूट देताना म्हणाला, "मास्तर, तुमच्या उजव्या बुटाची टाच दर चार महिन्यांनी झिजते आणि डावी आहे तशीच राहते." मी त्याला सुनावलं, "तू उजवीकडे माल हलका लावतोस." त्याने पैसे मोजून घेतले.

सहा वर्षांत माझी फाईल उशीएवढी झाली. रिपोर्ट, फोटो, चिठ्ठ्या, प्रत्येक डॉक्टरांनी आधीच्या डॉक्टरांबद्दल नाक मुरडून लिहिलेले कागद. मला वजन उचलायला बंदी होती, म्हणून फाईल बायको उचलायची. पिशवीत घालून उजव्या खांद्याला अडकवायची आणि माझ्यामागून जिने चढायची.

माझ्या मेहुण्याबद्दलही सांगितलं पाहिजे. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला स्वतःला आजवर सर्दीपलीकडे काही झालेलं नाही, पण सगळ्या मोठ्या डॉक्टरांचे नंबर त्याच्याकडे असतात. तो दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, "दाजी, किरकोळ उपाय पुरे झाले. एकदाचं ऑपरेशन करून टाका." ऑपरेशननंतर दुकानाचं काय करायचं तेही त्याने ठरवून टाकलं होतं. तयार शर्ट टांगायचे, कटिंगचं टेबल काढायचं म्हणजे जागा होते, आणि मला दारापाशी खुर्चीत बसवायचं. "नुसतं हसायचं दाजी, बाकी मी बघतो," म्हणाला. मी आयुष्यात कोणाकडे बघून नुसता हसलेलो नाही.

त्याला मी दोन वर्षं उडवून लावलं. पण या वर्षी एक गोष्ट घडली. एका गिऱ्हाइकाने कोटाचं कापड आणून दिलं होतं, उंची, लोकरीचं. मी कात्री लावली आणि पाठीच्या मधोमध आलो असताना कमरेतून अशी कळ आली की हात सटकला. कात्री चार बोटं आडवी गेली. पस्तीस वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा कापड वाया गेलं. बायको मागून उठून आली, तिने ते कापड बघितलं आणि घडी करून ठेवलं. मी त्या टेबलाला टेकून उभा होतो. तेव्हा मी घाबरलो. कमरेला नाही घाबरलो. या टेबलासमोर उभा नसलो तर मी कोण, हे मला खरंच माहीत नाही, त्याला घाबरलो.

मेहुण्याने दुसऱ्याच दिवशी सर्जनची वेळ घेतली. सर्जन आम्हाला "बसा" म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे बघायला लागले. माझ्या कमरेचा फोटो त्यांनी पाच मिनिटं बघितला. माझी कंबर तीन फुटांवर होती, तिकडे एकदाही बघितलं नाही. "दोन सळ्या आणि चार स्क्रू टाकू," म्हणाले. मी विचारलं, "मग उभं राहता येईल?"

"उभं राहता येईल. पण उभं राहून वाकायचं काम बंद. बसून करता येईल असं काहीतरी बघा."

"मी शिंपी आहे. कापड बसून कापता येत नाही."

"मग दुसरं कोणीतरी कापेल की," ते म्हणाले. चांगल्या सुरात म्हणाले, माणूस वाईट नव्हता. पण ते 'दुसरं कोणीतरी' माझ्या छातीत जाऊन बसलं. तरीही मी सही केली. काम करता आलं नाही तरी चालेल पण निदान दुखायचं थांबू दे, इथपर्यंत मी आलो होतो. ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं आणि बुधवारी दुपारी भरती व्हायचं होतं.

बुधवारी सकाळी मी दुकानात गेलो आणि कात्र्यांना तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलं. मेहुणा टेबलाची लांबी मोजत होता, तेही माझ्याच टेपने.

हॉस्पिटलात खोली स्वच्छ होती, खिडकीजवळ पलंग होता. सिस्टरने एक निळा पायजमा आणि सदरा आणून दिला. "हे घाला काका, डॉक्टर पाच वाजता राउंडला येतील." मी बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलले आणि बाहेर आलो. दोन पावलं टाकली आणि थांबलो.

पायजम्याचा डावा पाय लोळत होता. उजवा घोट्याशी व्यवस्थित, आणि डावा टाचेखाली येत होता.

तुम्हाला सांगतो, ऑपरेशनची भीती बिती सगळी गेली. टाळकंच सरकलं माझं. "सिस्टर," मी म्हटलं, "हा पायजमा कोणी शिवलाय?"

"कपडे बाहेरून शिवून येतात काका."

"त्याला दोन पाय सारखे कापता येत नाहीत? डावा लांब आहे हा."

"थोडा लोळतोय. दुमडून घ्या ना."

"दुमडून घ्या? कटिंग चुकलं तर दुमडून घ्यायचं?"

सिस्टरने एक सुस्कारा सोडला आणि दुसरा पायजमा आणला. घातला. त्याचाही डावा पाय लोळत होता. तिसरा मागवला. तोही तसाच. आता माझी खात्रीच पटली. तीन पायजमे, एकच चूक, म्हणजे साचाच चुकलेला. शेकडो माणसं या इमारतीत एक पाय लोळवत फिरतायत आणि कोणाला दिसत नाही. शेजारच्या पलंगावरचे आजोबा उठून स्वतःचा पायजमा बघायला लागले. "माझा बरोबर आहे हो," ते म्हणाले. "नीट बघा," मी म्हटलं.

बायकोच्या पिशवीत टेप कायम असतो. मी तो मागून घेतला. पायजमा काढला, कमरेला चादर गुंडाळली आणि पलंगावर बसून माप घेतलं. बाहेरची शिवण, उजवी, एकोणचाळीस. बाहेरची शिवण, डावी, एकोणचाळीस. आतली शिवण घेतली, तीही सारखी. दुसरा पायजमा घेतला. मग तिसरा. सूतभर फरक नव्हता. साधंच काम, पण कापणाऱ्याचा हात चोख होता. मी पहिल्या पायजम्याचं माप पुन्हा घेतलं, कारण मला काही सुचत नव्हतं.

सिस्टर निघून गेली होती. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं आणि ती फार वेळ टाकीकडे बघत होती.

"पायजमा बरोबर आहे हो," ती शेवटी म्हणाली.

"ते दिसतंय मला. मग लोळतो का?"

"तुमचा डावा पाय कमी आहे. पाऊण इंच."

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार? सात वर्षं मीच दुमडतेय." ती माझ्याकडे वळली. "प्लास्टर निघाल्यावर तुम्ही पहिली पॅंट शिवली, आठवतं? राखाडी. ती घालून उभे राहिलात तर डावी बाजू बुटावर लोळत होती. तुमची नजर आरशात, कॉलर बघत होतात. मी खाली टाचण्या लावत होते. पाऊण इंच वर घेतली. मग पुढच्या सगळ्याच तशा घेत गेले. जुन्याही उसवून केल्या."

"आणि मला बोलली नाहीस?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना. दिसलं ते गिळायचं आणि टाका घालायचा."

मी टेपची गुंडाळी करत बसलो. ती पुढे म्हणाली, "आणि त्याचा कमरेशी काही संबंध असेल हे मला कुठून कळणार? एवढे डॉक्टर बघत होते. मला वाटलं, मला दिसतंय ते त्यांना दिसलंच असणार."

तिचा मला फार राग आला होता, आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. दारातून टेबलापर्यंत येणाऱ्या माणसाचं माप घेणारा मी, सात वर्षं एक पाय आखूड घेऊन टेबलासमोर उभा होतो. डोंबलाचा मास्तर. सहा वर्षांत सगळ्या डॉक्टरांनी मला 'बसा' म्हटलं, नाहीतर 'झोपा' म्हटलं. सरळ उभे राहा, असं एकानेही म्हटलं नाही. पण ते मला म्हणत नव्हते तर मी तरी कधी आरशात गुडघ्याखाली बघितलं होतं?

पाच वाजता सर्जन आले, बरोबर दोन शिकाऊ डॉक्टर. मी पायजमा घालून पलंगाशेजारी उभा होतो.

"झोपा काका," ते म्हणाले.

"नाही. सहा वर्षं झोपून झालं. तुम्ही दोन मिनिटं माझ्याकडे बघा. कॉम्प्युटरकडे नाही, माझ्याकडे. पायजम्याकडे बघा."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पण तेवढ्यात बायको खाली बसली होती. गुडघे टेकून, मान तिरकी करून, जशी ती दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसते तशी. तिने फाईल उघडली, वरचे दोन रिपोर्ट काढले, घडी केली आणि माझ्या डाव्या पायाखाली सरकवले. मग लांबून बघितलं. आणखी तीन सरकवले. मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घातली, नळीतल्या फोटोंचं पाकीट घातलं. सहा वर्षांत त्या कागदांनी मला पहिल्यांदा आधार दिला. "बास," ती म्हणाली. पायजम्याचे दोन्ही पाय जमिनीपासून एका रेषेत आले होते.

सर्जन वाकले. त्यांनी माझ्या कमरेच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी हात ठेवले. मग बायकोला कागद काढायला सांगितले आणि पुन्हा हात ठेवले. पुन्हा घालायला सांगितले. असं तीनदा झालं. शिकाऊ डॉक्टर वहीत काहीतरी लिहायला लागले.

"पाय कधी मोडला होता का?" सर्जननी विचारलं.

"सात वर्षांपूर्वी."

"हे फाईलमधल्या फॉर्ममध्ये का नाही?"

"तुम्ही डॉक्टरांनी 'पूर्वीचे आजार' विचारले होते."

"आणि आम्ही फोटो पाठीचा काढला," ते जरा स्वतःशीच म्हणाले. "त्यात पाय येत नाहीत."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि नीट समजावून सांगितलं. माझं कमरेचं हाड एका बाजूला कलतं, दहा तास उभं राहिलं की त्याला सावरायला पाठीला एकाच बाजूने ओढ बसते. हेच एक कारण असेल अशी खात्री ते देणार नाहीत, पण सळ्या टाकायच्या आधी हे करून बघायलाच पाहिजे. डाव्या टाचेखाली उंची द्यायची, एकदम नाही, आधी पाव इंच, मग हळूहळू. तीन महिन्यांनी बघू. ऑपरेशन रद्द.

घरी सोडताना सिस्टरने कागद भरला. भरती झाल्यावर काय घडलं त्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'रुग्णाची पायजम्याबाबत तक्रार.' मी तो कागद जपून ठेवला आहे. सगळ्या फाईलमध्ये तेवढंच एक निदान बरोबर आहे.

मेहुण्याचं तोंड उतरलं. त्याने शर्ट टांगायच्या दोन दांड्या आणूनही ठेवल्या होत्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, दाजी," म्हणाला. बरोबर म्हणाला म्हणून मी जास्तच चिडलो आणि दांड्या त्याच्याबरोबर परत पाठवल्या.

मोच्याकडे बूट घेऊन गेलो. डाव्या टाचेखाली पाव इंच घाल म्हटलं. त्याने बूट उलटा केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझा माल हलका नव्हता, मास्तर." मी म्हटलं, "नव्हता. चुकलं माझं." त्याने घाई न करता पाव इंच चामडं घालून दिलं. नंतर आणखी पाव.

दोन महिने झाले. कमरेचं दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. पण अकराचा चिमटा आता चारला येतो, आणि येतो तो नुसती चौकशी करून जातो. त्या लोकरीच्या कापडाच्या मालकाला मी त्याच ताग्यातलं नवीन कापड आणून कोट शिवून दिला. पाठीचा भाग मी एका दमात कापला, आणि कापून झाल्यावर थोडा वेळ तसाच उभा राहिलो, नुसतं उभं राहता येतं म्हणून.

परवा सकाळी बायकोसाठी कोट कापायला घेतला. तिचे सगळे कपडे मीच शिवतो. माप घ्यायला लागत नाही, हाताला पाठ आहे. अस्तर कापलं आणि सवयीने कापसाच्या पट्ट्यांच्या डब्याकडे हात गेला. उजव्या खांद्यासाठी एक पट्टी काढली. दोन वर्षं झाली, तिच्या उजव्या खांद्यात मी अशी पट्टी घालतोय. आधी पातळ घालायचो, मागच्या हिवाळ्यापासून दुहेरी घालतो. पट्टी हातात घेऊन मी बघत राहिलो. उजवा खांदा. ज्या खांद्याला सहा वर्षं माझी फाईल होती तो.

"इकडे ये जरा," मी म्हटलं.

ती तुरपई खाली ठेवून आली. "काय झालं?"

"सरळ उभी राहा. चपला काढ."

तिने चपला काढल्या. मी मागे गेलो आणि टेप लावला. "तुझा उजवा खांदा उतरलाय," मी म्हटलं. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. "एक इंच."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुखतोही. हात वर केला की मुंग्या येतात."

"कधीपासून?"

"झाली तीनेक वर्षं."

"मग बोलली का नाहीस?" हे मी विचारलं आणि विचारता विचारताच मला माझी लाज वाटली.

"कपडे मीच धुते हो. त्यातली पट्टी लागते हाताला," ती म्हणाली. "म्हटलं, यांना दिसतंय, हे काहीतरी करतायत. मलाही बरं वाटायचं."

मी पट्टी डब्यात टाकली आणि दुकान बंद केलं. भर दिवसा, गिऱ्हाइकांच्या वेळेला. पिशवी मी घेतली. ती "द्या इकडे" म्हणाली, मी दिली नाही. नेहमीच्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा ते कॉम्प्युटरकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "या मास्तर, बसा."

मी म्हटलं, "बसणार नाही. दाखवायला हिला आणलंय. आधी तुम्ही उठा, आणि ती उभी आहे तोवर तिच्याकडे बघा."